कोट कुठं थांबतो

पहाटे मोबाइल उघडला तर पुतण्याचा निरोप येऊन पडलेला. पोरगं ग्लासगोत शिकतंय. तिथल्या मित्राचं लग्न आहे आणि नवरदेवाच्या सगळ्या सोबत्यांनी किल्ट घालायचा ठरलाय. किल्ट भाड्यानं मिळतो, त्याची काळजी नव्हती. विचारणं पुढचंच होतं, "काका, याच्यावर माझा सुटाचा कोट चालेल का?"

देवणीत ओट्यावर चहा पीत बसलेल्या माणसानं याला काय सांगावं! मग ध्यानात आलं, हा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे. कापड तेवढं वेगळं होतं.

आमचे आबा जन्मभर धोतर नेसले. शेतात जाताना वर बंडी, तहसिलीला जायचं तर नेहरू शर्ट, आणि सोयरिकीच्या घरी लग्न असलं की पेटीतून डांबरगोळ्यांच्या वासाचा काळा, बंद गळ्याचा कोट निघायचा. धोतर पांढरंच. फार तर जोडीतलं कोरं पान फाडायचं. हा कोट पार गुडघ्याशी टेकायचा. तो इतका लांब का, हे मला फार उशिरा उमगलं. शिवणारा उदगीरचा शिंपी, आणि त्याचा हात शेरवानीवर बसलेला. 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, शेरवानी हा कचेरीतल्या माणसाचा पोशाख. आमचा उदगीरचा भाग तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होता. सरकार बदललं म्हणून शिंप्याची कात्री काही लगेच बदलत नाही.

आजीला मात्र तो कोट कधी पटला नाही. "एवढ्या चापून निऱ्या घातल्या अन् कोटात कोंबल्या," असं ती दर लग्नाला म्हणायची. काठ चांगला असला तर जास्तच.

पुतण्यापायी सकाळी थोडं वाचत बसलो, तर आजीचंच म्हणणं तिकडंही निघालं. किल्ट पँटीसारखा कमरेखाली नसतो, वर बेंबीपाशी बांधतात. म्हणून त्यावरचं जाकीट मुद्दाम आखूड कापतात. सुटाचा कोट घातला तर तो खाली उतरतो, चौकडी झाकतो आणि पुढं लटकणाऱ्या पिशवीवर, म्हणजे स्पोरनवर, चढून बसतो. रात्रीच्या मेजवानीला प्रिन्स चार्ली नावाचं जाकीट आणि बो टाय. दिवसाच्या लग्नाला आर्गाइल जाकीट आणि साधा टाय पुरतो. स्पोरनसुद्धा दोन तऱ्हेचे, रोजचा साध्या चामड्याचा आणि समारंभाचा केसाळ, रुपेरी कडेचा. किल्ट तोच राहतो.

बाकी हा किल्ट नेसायचा की घालायचा, यावर मी चहा गार केला. आपल्याकडं शिवलेलं असेल ते घालतात, न शिवलेलं नेसतात, फेटा बांधतात आणि शेला पांघरतात. आजचा किल्ट अंगाभोवती गुंडाळायचा, पण चुण्या शिवलेल्या. जुना मोठा किल्ट म्हणजे मात्र लांबच लांब कापड, चुण्या घालून वरून पट्टा आवळायचा. तो नक्की नेसायचा! स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले बंडखोर कलोडनची लढाई हरल्यावर 1746 मध्ये ब्रिटिश सरकारनं तिथल्या या पोशाखावर कायद्यानं बंदी घातली, ती 1782 मध्ये उठवली. पुढं 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोत आला, तेव्हा दरबारात तो स्वतःच किल्टमध्ये, आत गुलाबी तंग विजार घालून. लोक हसले म्हणतात. हसणारच.

समारंभाला काय घालावं याचा विषय निघाला की मला जोतीराव फुले आठवतात. 1888 मध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी होती. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले. घरात धड कपडे नव्हते म्हणून नव्हे. ड्यूकला खरा मुलूख दाखवायचा होता म्हणून. त्या दिवशीच्या भरजरी अंगरख्यांतला एकही आज कुणाला आठवत नाही, घोंगडी तेवढी ध्यानात आहे.

पण पोराला घोंगडी पाठवून चालणार नव्हतं. त्याला कळेल असं काय सांगावं याचा विचार करताना पोळा आठवला. आमच्याकडं देवणी बैल, त्यातला एक शेवरा. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. झूल टाकायची वेळ आली की वडील ओरडायचे, "वर घ्या, वर घ्या, ठिपके झाकू नका!" झूल महागामोलाची, आरशांची. तरी तिनं कुठं थांबायचं ते ठिपके ठरवायचे.

तेवढंच लिहिलं. बाळा, सुटाचा कोट ठेव पेटीत. दुकानदाराला आखूड जाकीट माग, दिवसाचं लग्न असेल तर आर्गाइल. बाकी पोळ्याची झूल आठव.

त्याचं उत्तर आलं, "टोपी घालू का?" म्हटलं, ते नवरदेवाला विचार.

आठवड्यानं फोटो आला. गडी हसतोय, टायची गाठ झकास, जाकिटाची बटणं चमकतायत. फोटो छातीपर्यंतच काढलेला. मी लगेच फोन लावला, "अरे, उभा राहून काढ की जरा!"