मस्टरवर किती, कामावर किती?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसनं. त्यातून वाढलेल्या लिज्जत पापडमध्ये आज सुमारे ४५ हजार सभासद भगिनी आहेत. गंमत अशी, की एवढ्या हातांना सामावणारा कारखाना कुठेच बांधावा लागला नाही. शाखेतून मळलेलं पीठ वजन करून घ्यायचं, घरी पोळपाटावर लाटायचं, वाळवायचं आणि तयार पापड शाखेत देऊन नवं पीठ घ्यायचं. कामाचे एकसारखे वाटे पडतात आणि प्रत्येक वाटा काट्यावर तपासता येतो. त्यामुळे देखरेखीला मुकादमांची फौज लागत नाही. हजारावी बाई जोडणं दहावीला जोडण्याइतकंच सोपं असतं.

बहुतेक धंद्यांच्या नशिबी ही सोय नसते. २०१३-१४च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत राबणारी माणसं निघाली सुमारे १३ कोटी १३ लाख. सरासरी सव्वादोन. म्हणजे मालक, त्याची बायको आणि पाव पोऱ्या!

लहान असण्यात कमीपणा नाही. जन्मतः सगळेच धंदे लहान असतात. प्रश्न आहे तो वाढण्याचा. चँग-ताय शे आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारखान्याचं वय आणि तिथली कामगारसंख्या यांची सांगड घातली. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटींहून जास्त कामगार आढळले. भारतात त्याच वयाचा कारखाना जेमतेम दुपटीवर पोचलेला होता. आपल्याकडे धंदा जगतो, पण अंग धरत नाही.

याचं खापर लगेच कायद्यावर फुटतं. १९४८च्या कारखाना कायद्यानं विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची रेघ आखली, भविष्यनिर्वाह निधीनं विसाची. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कमी करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली, पुढे ती मर्यादा १००वर आली. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनं ती पुन्हा ३००वर नेली. रेघेजवळ पोचलेला मालक मग दुसरा गाळा घेतो, बायकोच्या नावानं दुसरी फर्म काढतो. हे खरंच आहे. पण सव्वादोन माणसांच्या दुकानाला शंभराच्या रेघेची कसली भीती?

खरी अडचण कुठे आहे, याचा एक धागा तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांत सापडला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी तिथल्या काही कारखान्यांना नामवंत कंपनीचे व्यवस्थापन सल्लागार फुकट दिले. आधीची स्थिती अशी : गोदामात सुताचे ढीग, त्यावर ना चिठ्ठी ना क्रम, ओलीपासून राखण नाही. कुठला माल किती आहे, हे कागद सांगत नव्हता. सल्लागारांनी काही जगावेगळं केलं नाही. मालाची मांडणी, नोंदी, यंत्रांची नियमित देखभाल आणि कापडातल्या दोषांची रोजची तपासणी, एवढंच. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत या मालकांनी आणखी कारखाने उघडले.

याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण जास्त बोचरं आहे. कंपनी किती मोठी होणार, हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होतं. गल्ल्याची किल्ली परक्याच्या हाती द्यायची नाही आणि मुलीचा विचारच करायचा नाही. मग तीन भाऊ असतील तर तीन कारखाने. चोरी पकडली तरी कोर्टात निकाल लागायला वर्षं जाणार, हेही मालकाला ठाऊक असतं. जिथे परक्यावर विश्वास टाकणं महाग पडतं, तिथे हजेरीपट घराच्या उंबऱ्याशीच थांबतो.

आता उलटी बाजू. मोठे धंदे आटतात, तेव्हा काम आटतंच असं नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही, पण माणसांनी कापड नेसणं सोडलं नव्हतं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी ते काम आधीच खेचायला सुरुवात केली होती. संपानंतर ते वेगानं तिकडे गेलं. गिरणीत बदली कामगारालाही पास आणि युनियन होती. यंत्रमागाच्या शेडमध्ये मीटरवर मजुरी आली.

पुण्यात वेगळी तऱ्हा झाली. बजाज ऑटोमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुमारे २४ हजार कामगार वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या काढत. २००४च्या सुमारास साडेदहा हजार कामगार २४ लाख काढू लागले. यात यंत्रमानव होते, स्वेच्छानिवृत्ती होती, आणि बाहेरच्या पुरवठादारांकडे सोपवलेले सुटे भागही होते. आज चाकण-भोसरीच्या पट्ट्यात सात महिन्यांच्या बोलीवर लागलेला पोरगा ‘ब्रेक’ मिळाला की शेजारच्या कंपनीच्या गेटवर उभा राहतो, कारण २४० दिवस भरले तर कायद्यानं त्याचा हक्क तयार होतो. तो काम पर्मनंट कामगाराच्या शेजारीच करतो, पण त्याचं नाव असतं ठेकेदाराच्या मस्टरवर.

तेव्हा मस्टरवरच्या आकड्यावरून धंद्याची तब्येत जोखायची, तर तो आकडा कुणाचा, हे आधी पाहावं लागेल. सामंजस्य करारांच्या बातम्यांत ‘इतके हजार रोजगार’ असं छापून येईल, तेव्हा वाचकांनी आपल्या आमदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत : यांतले किती जण कंपनीच्या स्वतःच्या मस्टरवर असतील, आणि पाच वर्षांनी त्यांतले किती उरले, हे कोण मोजणार आहे?