निवृत्त घोड्याचे रक्त

दौंड-शिरूरच्या उसात तोडणी मजुराला घोणस चावली, तर ग्रामीण रुग्णालयात त्याच्या शिरेतून जे औषध सोडतात ते घोड्याच्या रक्तापासून बनलेले असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांचे विष घोड्याला थोडे थोडे, वाढत्या मात्रेने टोचतात आणि प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढतात. हे वारंवार चालते.

रेसच्या घोड्यांचा याच्याशी जुना संबंध आहे. पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे एकेकाळी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्या देवघेवीतूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो, दहाव्या वर्षापर्यंत बहुधा मैदानाबाहेर पडतो आणि जगतो पंचवीसेक वर्षे. मग उरलेल्या आयुष्याचे काय?

घोड्याने करार केलेला नाही, तेव्हा ऋणही नाही, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वंशावळ बघून, जोड्या लावून, फक्त पळण्यासाठी आपणच त्याला जन्माला घातले; ऋण तिथेच सुरू झाले. प्लुटार्क सांगतो की थोरल्या केटोने मोहिमेत आपल्याला वाहणारा घोडा स्पेनमध्येच सोडला, जहाजाचे भाडे तिजोरीवर नको म्हणून. हा मनाचा मोठेपणा की कोतेपणा, ते तो वाचकावर सोडतो. पण आपण स्वतः म्हातारा झाला म्हणून कामाचा बैलही विकणार नाही, हे त्याने त्याआधीच सांगून टाकलेले असते. (पोळ्याला बैलासमोर हात जोडणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.)

पण केटोसमोर साप चावलेला मजूर नव्हता. रेस ही करमणूक, लस हा जीव. म्हणून रक्त घेण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो त्याला 'दान' म्हणण्याला. देणारा मालक, रक्त घोड्याचे. ही निवृत्ती नव्हे, दुसरी नोकरी आहे, आणि तिच्यानंतरही कुरण लागतेच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी मरेल असे सोडून देणे गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात कडब्याच्या किती पेंढ्या येतात, ते दौंडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे.

कुरणाचा खर्च लसीच्या किमतीत घालावा, असेही सुचवले जाईल. म्हणजे उसात राबणाऱ्यानेच तो द्यायचा. त्यापेक्षा पुण्याच्या रेसकोर्सवर खिडकीशी जे पैसे लावले जातात, त्यातून प्रत्येक शर्यतीमागे काही कापून ठेवावे. घोडा तिथे पळाला होता.