शिक्का आणि अभिमान

सज्जनहो, जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखांत ‘फोल्क्समार्श’ म्हणून लोकांची पदयात्रा असते. १९६८ साली लिंडाऊ येथे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व लिश्टेनश्टाइन येथील मंडळींनी तिची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली. गावचे मंडळ रानावनांतून वाट आखते. बहुधा पाच, दहा, वीस किलोमीटरांची. आजोबा चालतात, नातवंडे चालतात. हाती एक कार्ड. वाटेतल्या चौकीवर त्यावर शिक्का घ्यायचा. पहिला कोण, शेवटचा कोण, हे कोणी विचारीत नाही. पोहोचला तो पोहोचला! पुढे किलोमीटरांची बेरीज वहीत मांडतात, ठराविक झाली की बिल्ला मिळतो.

तिथे देवाचे नाव नाही. आरोग्य आणि सोबत एवढाच हेतु. पण आपले पाहा. पंढरीच्या वाटेवर आम्हांला कोणी शिक्का मारीत नाही, तरी ‘आमच्या चाळीस वाऱ्या झाल्या’ हे आम्हीच कीर्तनात कितीदा सांगितले! त्यांची बेरीज वहीत राहते, आमची डोक्यात चढते. यालाच शास्त्र कर्तृत्वाभिमान म्हणते. पायांनी कमावले ते जिभेने घालविले. म्हणून बाबांनो, चाला, पण मोजू नका. हिशेब विटेवरच्या धन्याकडे असू द्या.

रामकृष्णहरि!