कंपनीला ऋण असतं का?
अंबाजोगाईत माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे. ऊसतोडीला निघालेली जोडपी ट्रक यायच्या आधी रिचार्ज मारून घेतात. त्यात 18 टक्के जीएसटी असतो; तो चुकवायची पळवाट त्यांच्यापाशी नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. 2007 साली हचिसन कंपनीने भारतातल्या मोबाइल धंद्यातला आपला हिस्सा सुमारे 11 अब्ज डॉलरना व्होडाफोनला विकला. कागदावर मात्र विकली गेली केमन बेटांवरची एक कंपनी, म्हणून भारतात कर लागत नाही, असा दावा. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये प्राप्तिकर खात्याची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये व्होडाफोनची. सरकारने लगेच मागल्या तारखेपासून कायदा बदलला (तेही मला पटलं नव्हतं) आणि 2021 मध्ये तो मागल्या तारखेचा भाग मागे घेतला.

कायदा संपला, धर्माचं काय? शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चौघांचा ऋणी: देव, ऋषी, पितर आणि इतर माणसं. गीतेचा तिसरा अध्याय तर परतफेड न करता भोगणाऱ्याला सरळ चोर ठरवतो.

आमचे कीर्तनकार मित्र म्हणतात, "कंपनीला जन्मच नाही, मग ऋण कसलं?"

मी म्हटलं, "नोंदणी हाच तिचा जन्म, बुवा. तिचं पॅनकार्ड निघतं, ती कोर्टात उभी राहते. रस्ते आपले, न्यायालयं आपली. तिचे कामगार नि गिऱ्हाइकं आपल्या सरकारी दवाखान्यांत जन्मलेली. पहिली तीन ऋणं सोडा. चौथं कसं सुटेल?"

"मग तिचं श्राद्ध कोण घालणार?"

"कंपनी कायदा न्यायाधिकरण," मी म्हटलं.