उंबरठ्याबाहेरचा कचरा कोणाचा?

घरातील कचरा उंबरठ्याबाहेर गेला, की त्याविषयीची आपली जबाबदारीही संपते काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ईमानची पारख अशाच गोष्टींत होते.

बारामती तालुक्यातील पिंपळीसारख्या गावात पूर्वी याचे उत्तर उकिरडा देई. शेण, राख, भाजीची देठे खत होऊन शेतात परत जात. प्लॅस्टिक आले आणि हे चक्र तुटले. शासनाने २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे शहरांतील घरांवर बंधनकारक केले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. २०२० पासून स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावांचा घनकचराही आला. पण घराघरांतील बंद पिशवीत काय आहे, हे कोणता अधिकारी पाहणार?

ते पाहते एक स्त्री. आपल्याच जिल्ह्यात, पुणे शहरात, महानगरपालिकेशी २००८ मध्ये झालेल्या करारापासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे कचरावेचक दारोदार कचरा गोळा करतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. पुनर्वापराचा कागद, काच, पत्रा त्यांच्या हातांनी निवडला जातो. आपण उष्ट्यात मिसळलेली फुटकी काच लागते ती याच हातांना.

कोणी म्हणेल, ‘आम्ही पैसे देतो.’ पैशाने श्रम मिळतात. इजा करण्याचा अधिकार मिळत नाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानची शाखा सांगितली. मशीद झाडणारी एक स्त्री वारली, तेव्हा लोकांनी तिला सामान्य समजून प्रेषितांना (स.) कळविले नाही. समजताच त्यांनी तिची कबर विचारली आणि तेथे जाऊन नमाज अदा केली.

अल्लाहच्या हक्कांतील उणीव तौबाने माफ होऊ शकते. माणसाच्या हक्कासाठी त्या माणसाचीही क्षमा लागते. जिचा हात कापला, तिचे नावही आपणांस ठाऊक नाही. मग क्षमा कोणाकडे मागणार? कयामतच्या दिवशी मात्र ती आपणांस ओळखेल.

म्हणून बंधुभगिनींनो, ताटात हवे तेवढेच वाढा, कारण इस्राफ अल्लाहला अप्रिय आहे. ओला कचरा परसातील खड्ड्यात टाका, सुका वेगळा ठेवा, काच जाड कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहा. कायदा पाहत नसला, तरी अल्लाह पाहतो आहे.