तालमीतला मास्तर

अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकाच्या कडेची गावं लागली, की जत्रेच्या आधी काही आठवडे रात्रीचा पेटीचा सूर ऐकू येतो. देवळाच्या कट्ट्यावर गावातलीच पोरं कन्नड नाटक बसवत असतात. दिवसभर रानात राबलेली, जेवून आलेली. समोर पेटीमास्तर. तो चाल सांगतो, चुकलेला ताल मांडीवर वाजवून दाखवतो, अडलेल्याला वही न बघता पुढचं वाक्य पुरवतो आणि लाजणाऱ्या पोराला दंडाला धरून उजेडात आणतो. त्याला दिग्दर्शक कुणी म्हणत नाही, शिक्षक तर नाहीच. गावात तो नुसता ‘मास्तर’.

नाट्यदिग्दर्शक वामन केंद्रे यांच्या कामाचा विचार करताना मला हा मास्तर हटकून आठवतो. केंद्रे बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे. वडील भारूड करायचे, म्हणजे नाटक घरातच होतं; फक्त त्याला कुणी नाटक म्हणत नव्हतं. तिथून ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात गेले आणि १९८२मध्ये शिकून बाहेर पडले. त्या संस्थेला शिस्त लावली ती इब्राहिम अल्काझींनी. पुण्यात जन्मलेल्या या अरब घरातल्या माणसानं १९६२ ते १९७७ ती सांभाळली आणि ग्रीक नाटकापासून ‘अंधायुग’पर्यंत सगळं विद्यार्थ्यांसमोर मांडलं. त्यांच्यानंतर आले ब. व. कारंत. लहानपणी घरातून पळून गुब्बी नाटक कंपनीत शिरलेले, अंगात संगीत मुरलेले. केंद्रे दिल्लीत शिकले ते अल्काझी गेल्यानंतरच्या काळात. माझ्या मते हा योग महत्त्वाचा. भारूड ऐकत वाढलेल्या पोराला गावरान चाली विसरायला लावणारी शाळा तिथं भेटली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

पुढचं म्हणजे ‘झुलवा’. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून चेतन दातार यांनी नाटक रचलं आणि १९८७मध्ये केंद्रे यांनी ते बसवलं. सयाजी शिंदे, सुकन्या कुलकर्णी ही नावं लोकांच्या ध्यानात राहिली ती या नाटकानं. जोगते, जोगतिणी, यल्लम्माला वाहिलेल्या मुली. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे जग नवं असेल; आमच्याकडच्या माणसाला नव्हतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेला इथून पिढ्यानपिढ्या माणसं जातात. चौंडकं आणि परडी ज्यांच्या दारात येते, त्यांना ती रंगमंचावर दिसली की पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं आणि मग आपल्या दाराकडे बघायची नजर बदलते. लोककलेतली गाणी उचलून नाटकाला रंग चढवणारे पुष्कळ झाले. गाण्यामागची भूक आणि सक्ती दाखवायची तर गाणाऱ्याजवळ बसावं लागतं, आणि ते थोड्यांनीच केलं.

केंद्रे यांच्या पदांबद्दल फार लिहायचं नाही. २००३मध्ये मुंबई विद्यापीठाची नाट्यशिक्षणाची अकादमी त्यांच्या हाताखाली सुरू झाली. २०१३ ते २०१८ ते राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक होते आणि शेवटच्या वर्षी थिएटर ऑलिम्पिक्स भारतात भरलं, १७ शहरांत ५१ दिवस. २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं मोठंच आहे. पण शिकवणाऱ्याचं माप अशा यादीनं घेता येत नाही. त्याच्या हाताखालून गेलेला पोरगा पुढं दुसऱ्याला कसं शिकवतो, ते बघावं लागतं. प्रयोग संपला की दिग्दर्शकाचं काम पडद्याआड जातं. मास्तरचं तिथून पुढं सुरू होतं.

मी कॉलेजात युवा महोत्सवासाठी एकांकिका बसवतो. पोरं मैंदर्गी, दुधनी, नागणसूरकडची. घरात कन्नड, शाळेत मराठी, कट्ट्यावर ‘काय करलालास बे’. एका मुलीकडे आईची भूमिका होती. वाक्य साधं: भाकरी खाऊन जा, घर काही पळून जात नाही. तिच्या तोंडून ‘बाकरी’ आणि ‘गर’ यायचं. ते सुधारायच्या नादात खांदे वर चढायचे, हात पोटाशी बांधले जायचे, नजर माझ्यावर. आई कुठं दिसायचीच नाही. तिला म्हटलं, आधी सगळं कन्नडमध्ये म्हण, घरी भावाला म्हणतेस तसं. पहिल्याच झटक्याला हात सुटले, पदर खोचला गेला, समोरच्या पोराच्या डोक्यात हलकी टपली बसली. टपली संहितेत नव्हती. मग तेच अंग तसंच ठेवून मराठी वाक्य म्हणायला लावलं. ‘भ’ अर्धामुर्धाच उमटला, पण आई उभी राहिली.

प्रयोगानंतर एका परीक्षकांनी कानडी हेलाबद्दल गुण कापल्याचं सांगितलं. वाद घातला नाही. परीक्षकाशी वाद घालून एकांकिका जिंकलेला माणूस मला अजून भेटायचाय. मनात मात्र सांगली आली. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. मराठी रंगभूमीच्या पायरीलाच कानडी दगड आहे. त्या हेलाला गुण कापायचे तर सुरुवात फार मागं जाऊन करावी लागेल.

अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर. राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं बघायला हुतात्मा स्मृती मंदिरात जाता येतं. सोलापुरात हौशी नाटकांतून उभं राहून अतुल कुलकर्णींसारखा नट दिल्लीच्या नाट्यविद्यालयात जातो, हेही आम्ही पोरांना सांगतो. पण एक जण दिल्लीला जातो तेव्हा मागं राहिलेल्यांना कोण शिकवतं? नाटकाचं पद्धतशीर शिक्षण मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतच आहे. तालुक्याच्या शाळेत नाटक म्हणजे गॅदरिंग, आणि गॅदरिंग म्हणजे स्पीकरवर लावलेलं सिनेमातलं गाणं. गोव्यानं निराळी वाट धरली. तिथं कला अकादमीच्या नाट्यविद्यालयात शिकलेली माणसं शाळांमधून नाटक शिकवतात. आपल्याकडे ते कधी होईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. आपल्या गावातल्या पेटीमास्तरला यंदा जत्रेपुरतं न ठेवता शाळेत बोलवा. आठवड्यातून दोन तास द्या, सोबत एक मराठीचा शिक्षक द्या, कन्नड आणि मराठी दोन्ही चालू द्या. मानधन गॅदरिंगच्या मंडप आणि लायटिंगच्या खर्चातून सहज निघेल.