विरहाचे आत्मनिवेदन आणि दुसऱ्याचे दुःख

वेदना प्रामाणिक असली म्हणजे तिच्यातून निघालेला आरोपही न्याय्य ठरतो काय? शिकागोचा गायक ज्यूस वर्ल्ड याचा पहिला अल्बम 'गुडबाय अँड गुड रिडन्स' (२०१८) हा प्रश्न अटळ करतो. इमो-रॅपमध्ये रॅपचा ठेका आणि इमो-रॉकचा आर्त सूर एकत्र येतात. रॅपमधील रूढ पौरुषाची फुशारकी येथे गळून पडते. मराठी शाहिराने विरह बहुधा स्त्रीमुखातून वदवला; येथे पुरुष 'मी' आपले तुटलेपण आडपडदा न ठेवता मांडतो. ही नैतिक कमाई खरीच. परंतु जिच्यामुळे हृदयभंग झाला, ती मुख्यतः गायकाच्या स्मृतीतून आणि दोषारोपातूनच आकारते. २०१९ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, औषधांच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. तो वेदनेची साक्ष म्हणून वाचला गेला. आरोपाचा पुरावा तो होऊ शकत नाही.

मोबाइलवर हा अल्बम हिंगोली जिल्ह्यातील हट्टा येथेही ऐकता येतो. तेथील श्रोत्याजवळ मात्र आणखी एक मानदंड आहे. त्याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवही विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात. पण 'तीर्थावळी'त ते यात्रेला निघतात, तेव्हा विरहाने व्याकूळ होतो तो विठ्ठल. देव आणि प्रेयसी यांतील अंतर मान्य करूनही एवढे म्हणता येते, की ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही तेथे दुःखाचा अधिकार मिळतो. मर्ढेकरप्रणीत आत्मनिष्ठा ही विरहकाव्याची पहिली अट असेल. त्याची नैतिक कसोटी मात्र या अधिकारातच आहे.